लक्ष्मणरावांतले अनधिकृत बारा किलो

माणसाचे वजन त्याच्या उंचीला शोभेल इतकेच असावे, या उदात्त हेतूने कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी कामगारांची तपासणी होत असे. हिशोब सोपा होता. सेंटीमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करायचे. उरेल तितक्या किलोंची कामगाराला परवानगी. आजवर उंची जुन्या कागदावरून उतरवून घेत. यंदा मात्र ती प्रत्यक्ष मोजावी असा आदेश वरून आला आणि लक्ष्मणरावांच्या मागे नसते झेंगट लागले.

लक्ष्मणराव क्रेन चालवत. शेडच्या छताखालच्या त्या केबिनीत ते एकदा जाऊन बसले की मोठे साहेबसुद्धा मान वर करून ‘लक्ष्मणरावजी’ म्हणत. जबलपुरात एवढा मान त्यांना दुसरीकडे कुठेच नव्हता. केबिनीत चढायला फिटनेसचा दाखला लागे, पण अंगाने काटकुळ्या, उंच्यापुऱ्या लक्ष्मणरावांना त्याची कधी फिकीर वाटली नव्हती.

तपासणीला आत शिरताना त्यांचे डोके चौकटीवर खाडकन आपटले. कपाळ चोळतच ते भिंतीवर रंगवलेल्या पट्टीला पाठ लावून उभे राहिले.

“सीधे खड़े रहिए, भैया,” नथ्थू कंपाउंडर म्हणाला. “साहब, एक सौ बावन.”

“म्हणजे बावन्न किलो मंजूर,” डॉ. अंबरीश म्हणाले. “तुम्ही भरता चौसष्ट. बारा किलो अनधिकृत आहेत.”

“पण साहेब, मी तर एकशे सत्तर होतो ना जी!”

“वयानुसार माणूस खचतो.”

“अन् मंग दाराले डोकं काहून आपटलं? आजवर तर कधी आपटलं नाही.”

“जादा वजनाने तोल जातो. लक्षणच आहे ते,” असे म्हणून डॉक्टरांनी ते लक्षणही लिहून घेतले.

लक्ष्मणरावांनी खाली पाहिले आणि त्यांना सगळा उलगडा झाला. दर मार्चला उरलेले अनुदान संपवण्यासाठी दवाखान्यात जुन्या फरशीवर नवी फरशी बसत असे, आणि दारे उघडावीत म्हणून सुतार ती खालून कापून देई. भिंतीवरची पट्टीही दर वेळी नव्या फरशीपासून रंगवली जाई, पण तिच्यापुढची उभे राहायची जागा मात्र साध्या सिमेंटच्या काळातलीच, खड्ड्यासारखी खाली राहिली होती. फरशी आणि रंग बांधकाम विभागाचे, उभे राहायची जागा आरोग्य विभागाची, आणि दोन्ही विभागांत बोलणे बंद होते.

“साहेब, जमीनच वर येऊन राहिली! मी खड्ड्यात उभा हाय, पट्टी खाली सरकवा ना.”

“पट्टी सरकारी आहे. फरशीही सरकारी आहे,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “सरकण्यासारखे तुम्हीच उरता.”

अधिकाऱ्यांना पट्टीपाशी उभे राहावे लागत नसे. त्यांना स्वयंघोषणेची सोय होती. डॉ. अंबरीश यांनी स्वतःच्या वजनात शंभर मिळवून आपली उंची एकशे अठ्ठ्याण्णव घोषित केली होती. त्यामुळे खुर्चीत मावत नसले तरी ते नियमात मात्र चोख बसत.

क्रेन जाऊ नये म्हणून लक्ष्मणरावांनी जेवण सोडायला घेतले. सदर बाजारात गेले की खव्याच्या जिलेबीच्या दुकानावरून ते मान फिरवून जात.

“तुमाले झालं काय जी? पोळ्या तशाच ठेवून राहिले,” शेवंताबाई कळवळून म्हणाल्या.

“बारा किलो अनधिकृत हाय म्हणे माझ्यात.”

“कुठं हाय, दाखवा मले! बरगड्या मोजून घ्या म्हणा त्या डॉक्टरले.”

पण बरगड्या मोजण्याचा आदेश आलेला नव्हता. होता होता लक्ष्मणराव बावन्नवर आले, दाखला मिळाला आणि ते मोठ्या आनंदाने शिडी चढू लागले. अर्ध्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खालच्या दोघांनी वर धावून त्यांना कसेबसे उतरवले आणि तडक दवाखान्यात नेले.

“वजन आदर्श आहे,” डॉक्टर म्हणाले. “आदर्श वजनाच्या माणसाला चक्कर येत नाही.”

“आली जी!”

“मग ती उंचीची भीती. बुटक्या लोकांना उंचीची सवय नसते.”

क्रेन गेली. लक्ष्मणरावांना गेटवर बसवण्यात आले, आणि दवाखान्याच्या भिंतीवर ‘आदर्श कामगार’ म्हणून त्यांचा फोटो लागला. त्या संध्याकाळी शेवंताबाईंनी ताट वाढले, तेव्हा पहिला घास हातात धरून ते लहान पोरासारखे रडले.

कॉलनीत मात्र त्यांचा भाव वधारला. पार मदन महल वस्तीपासून लोक विचारायला येऊ लागले. “वा भैया, कसले फिट झालात! खाता काय?”

“काही नाही,” लक्ष्मणराव खरे ते सांगत, आणि लोक तेच आचरणात आणायला घरी जात. शेवंताबाई दारात उभ्या राहून ओरडत, “अजी, आधी पायाखालची फरशी पाहा!” पण पट्टीपाशी उभा राहिलेला प्रत्येक जण आधी पोट आत ओढी. मार्चमध्ये पुन्हा नवी फरशी बसली, तेव्हा तर बरेच जण स्वखुशीने अर्धपोटी राहू लागले.

या लोकांना हसायला आपल्याला काही हरकत नाही. फक्त सुरुवातीलाच, शंभर वजा करायचे हे वाचताक्षणी, तुम्ही आपला आकडा मनातल्या मनात काढून पाहिलात आणि थोडे खट्टू झालात. ती उंची कोणत्या फरशीवर उभे राहून मोजली होती, हे तुम्हीही स्वतःला विचारले नाही.