आप्पांची डोलकाठी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर तर मुंग्या पळाल्यासारखं येतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. पण शिवलिंगआप्पांविषयी कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

आमचे शेजारी आप्पा रोज सकाळी कपाळाला विभूती लावून अंगणातल्या होडीत उताणे पडत, एक डोळा मिटत आणि वर बघत. होडी विटांवर उभी. तिच्यात उंच डोलकाठी, आणि ती सरळ राहावी म्हणून चारी बाजूंनी जाड तारा. आप्पा एकेक तार बोटानं छेडत, कान लावत, मग तिच्या बुडाचा पितळी स्क्रू फिरवत. "इकडं अर्धा फेरा, तिकडं अर्धा फेरा. डावं-उजवं सारखं पायजे!"

गावाजवळ तळं होतं. त्या वर्षी त्यात शेळ्या चरत होत्या.

आप्पांनी मुंबईला एका शेठच्या शिडाच्या होडीवर वीस वर्षं खलाशी म्हणून काढली. शेठ म्हातारे झाले आणि थकलेल्या पगारापोटी त्यांनी होडीच दिली. आप्पांनी ती ट्रकवर चढवून देवणीपलीकडच्या आमच्या गावी आणली. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. दुष्काळ बघायला नवे साहेब आले, होडीपुढे जीप थांबवून म्हणाले, "गावात पूर येतो काय?"

"साहेब, टँकर येत न्हाई, पूर कुठला!" आप्पा म्हणाले. "पण आला तर आमची तयारी हाय."

ढिलं काही दिसलं की आप्पांना राहवत नसे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते ओरडले, "थांबवा! मांडव डावीकडं कललाय!" नवरा-नवरी हार धरून उभे, आणि आप्पा दोर आवळत राहिले. आमच्या सासूबाईंच्या खाटेची नवार त्यांनी अशी ताणली की सासूबाई म्हणाल्या, "आप्पा, मी पडले की उडतेय. खाट हाय का ढोलकं?"

"आता कूस बदलून बघा. डावं-उजवं सारखं!"

मी आप्पांशी पदर सांभाळत 'हूं' आणि 'न्हाई' एवढंच बोलायची. तिथंच घोटाळा झाला. एकदा ते म्हणाले, "सूनबाई, चारी स्क्रू झिजले. मुंबईहून नवे मागवायचेत. नव्वद रुपये देता का? तळं भरलं की लोकांना होडीतून फिरवून फेडतो." 'न्हाई' म्हणायचं होतं, तोंडातून 'हूं' निघालं. गोधड्या शिवून साठवलेले पैसे होते ते. त्यातून मला जुनी शिलाई मशीन घ्यायची होती.

स्क्रू आले, चकचकीत. पाऊस आला नाही. मला मागायचा धीर होईना. आप्पा तार छेडत, आणि मला माझेच नव्वद रुपये वाजताना ऐकू येत.

मग शेजारच्या मळ्यात विहीर खोल करायला यारी लावली. यारी म्हणजे विहिरीतून दगड वर ओढायचा उंच खांब. तोही तारांच्या ताणावरच उभा असतो. मी मजुरांची भाकरी घेऊन गेले तेव्हा आप्पा काठावर उताणे पडलेले, एक डोळा मिटून.

"काम बंद करा! खांब कललाय. खाली मानसं हायत!"

मुकादम हसला. "आप्पा, ही होडी न्हाई."

"मंग तू उतर खाली. मी वरून दगड सोडतो."

मुकादमानं काम थांबवलं. आप्पा घरी गेले, होडीचे नवे स्क्रू काढून आणले आणि यारीच्या तारांना लावले. अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं. तार छेडली, कान लावला. दगडांनी भरलेली बादली वर आली. खांब जागचा हलला नाही.

त्यानंतर आप्पांना विहिरी-विहिरीवर बोलावणं येऊ लागलं, रोजानं. दर बाजाराच्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येत, पाच रुपये ठेवत, चहा पीत आणि सासूबाईंना समुद्राच्या गोष्टी सांगत. "वारं सुटलं की रातभर तारा बोलायच्या. आता घरात लई गप्प असतं."

पंच्याऐंशी फिटले आणि गाडी अडली. "सुट्टे न्हाईत, सूनबाई. पुढच्या बाजारी." असे सात बाजार गेले. पाचाची नोट पातळ सदऱ्याच्या खिशातून दर वेळी दिसत होती. चहा संपला तरी आप्पा बशी चाटून पुसून बसत.

आठव्या बाजारी ते यायच्या आधी मी परसातली धुणं वाळवायची तार सोडून ढिली केली. आप्पा आले, तशी त्यांना परसात नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी पुरं वाक्य बोलले.

"आप्पा, आमची ही तार दर आठवड्याला ढिली पडतेय. बाजाराच्या दिवशी येऊन बघत जाल का?"

आप्पांनी तारेकडे बघितलं. गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तार आवळली, छेडली, बराच वेळ कान लावून उभे राहिले.

मग त्यांनी खिशातून पाचाची नोट काढली, मांडीवर सरळ केली आणि माझ्या हातात दिली. नव्वदच्या नव्वद फिटले.