छायापत्र क्रमांक तीन

उजेडाची व्यवस्था करणे हे नगरपालिकेचे काम आहे, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. सावलीची व्यवस्था कोणी करायची, याबद्दल पुस्तक गप्प आहे. त्यामुळे सावली देशभर मिळेल त्या जागी पडते आणि दिवसातून अनेकदा जागा बदलते. इतक्या बेशिस्त गोष्टीवर कोणत्याही जबाबदार संस्थेला विसंबून राहता येत नाही. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतील तालमीने १९७४ साली हा प्रश्न हाती घेतला आणि कायमचा सोडवला.

तालमीच्या माडीवर दर रविवारी दुपारी दोन ते पाच सोंगांचा खेळ चाले. प्रत्येक सभासदाने एक सोंग घ्यायचे (राजा, हेर, वैद्य, चौकीदार वगैरे), आपल्या नावाचा रंगवलेला चिंचोका नकाशावर सरकवायचा आणि सोंगाला शोभेल असे बोलायचे. सापडलेले सोंग मेले. मेलेल्या सोंगाच्या मालकाने दिवाळीपर्यंत माडी चढायची नाही. सभासद एक्केचाळीस होते आणि दिवाळी नेहमीच लांब असे, त्यामुळे खेळ गांभीर्याने खेळला जाई.

नकाशा घरचाच होता. सिनेमाची दोन मोठी पोस्टरे खळीने जोडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तो काढलेला होता. आधी त्यावर एक काल्पनिक किल्ला होता. परंतु बालेकिल्ल्यावर एकाच वेळी सतरा राजे राहू लागल्याने तो बाद करून तिथे आमचीच पेठ काढण्यात आली. (नकाशा खिडकीसमोर धरला, तर दत्ताच्या देवळामागे नायिकेचा डावा डोळा दिसे. त्याला कोणी हरकत घेतली नाही.)

नियम क्रमांक नऊ असा होता: सावलीत असलेले सोंग दुसऱ्यास दिसत नाही. नियम उत्तम होता. फक्त सावली कुठे आहे हे नकाशावर नव्हते. त्यावरून एका रविवारी दोन हेर आणि एक वैद्य एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा तालमीचे अध्यक्ष अण्णासो वस्ताद यांनी छाया समिती नेमली. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत असल्याने समितीत मला घेण्यात आले. तालमीत बायकांना प्रवेश नव्हता. म्हणून समितीची सभा खाली ओट्यावर भरे आणि सभासद माडीच्या खिडकीतून मतदान करत.

मी पेठेतल्या एकशे बारा भिंतींची उंची मोजली. कोल्हापूरचे अक्षांश, सूर्याची उंची आणि काठीची सावली यांवरून हिशेब केला आणि पारदर्शक कागदावर पेन्सिलीने सावल्या काढल्या. हा कागद नकाशावर ठेवून चार चिमट्यांनी बसवला, की त्या वेळची सावली त्या जागी पडे. अशा कागदाला छायापत्र असे नाव ठरले. बारा महिने आणि दिवसाच्या चार वेळा मिळून मी अठ्ठेचाळीस छायापत्रे सादर केली. सभासदांनी ती काळजीपूर्वक पाहिली आणि चार विरुद्ध सदतीस मतांनी फेटाळली. मे महिन्याच्या आठ तारखेचे भर मध्यान्हीचे छायापत्र पूर्ण कोरे होते. त्या दिवशी सूर्य आपल्या डोक्यावर असतो आणि भिंतींना सावली नसते, असे मी सांगितले. यावर अण्णासो म्हणाले, "बाई, तुमचं गणित बरोबर असंल. पण माणसानं लपायचं कुटं?"

यानंतर काम इलाहीभाईंकडे गेले. इलाहीभाई बावीस वर्षे सिनेमाच्या स्टुडिओत दिवे लावत होते. त्यांनी भिंती मोजल्या नाहीत. नकाशाभोवती दोन फेऱ्या मारल्या, एक डोळा मिटला आणि कागदाला तीळतेल चोळून त्यावर चिमणीच्या काजळीने तीन दिवसांत पाच छायापत्रे काढली. ती माझ्यापेक्षा पुष्कळच सुंदर होती, हे मला मान्य केले पाहिजे. मी एवढेच निदर्शनास आणले, की देवळाची सावली पूर्वेला पडली आहे आणि शेजारच्या पिंपळाची पश्चिमेला.

"व्हय," इलाहीभाई म्हणाले. "एक सूर्य जोतिबाकडनं मारलाय, एक जयसिंगपूरकडनं."

"एकाच वेळी?"

"एका सूर्यात निम्मं तोंड काळं पडतंय, बाई. हिरो हाय का चोर, कळत न्हाय."

छायापत्र क्रमांक तीन हे दुपारचे होते. त्यात रेशन दुकानाच्या पायरीवर इलाहीभाईंनी एक दाट, गोल सावली टाकली होती. ती सावली कशाची, असे विचारता त्यांनी ती कशाचीच नसल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. "डावीकडं चित्र हलकं पडालतं. म्हणून वजन टाकलं." प्रत्यक्षात दुकानाचे तोंड पश्चिमेला असून दुपारी तिथे उघड्या पायाने उभे राहता येत नाही. छायापत्र एकमताने मंजूर झाले. पुढचे अकरा रविवार खेळ इतका रंगला, की एकही सोंग मेले नाही.

अकराव्या रविवारी, म्हणजे १९ मे रोजी, एक गैरप्रकार घडला. रेशन दुकानाचे चालक गणपती हे खेळात चौकीदार होते. राजाचे सोंग (हे अण्णासोंचे) त्या पायरीवरच्या सावलीत दबा धरून बसले असताना गणपती भान विसरून ओरडले, "त्यो बघा, राजा!" दिसू न शकणारी गोष्ट पाहिल्याबद्दल त्यांना लेखी समज देण्यात आली. समजपत्रात शेवटी असे होते: "सबब, आपण आपल्या डोळ्यांस आठवडाभर सराव द्यावा."

गणपती हे नियमाला धरून चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी सोमवारपासून सराव सुरू केला. सरावासाठी त्यांच्यापाशी जी पायरी होती, ती तीच होती. दुपारी तीन वाजता रॉकेलचे वाटप सुरू झाले, तेव्हा पायरीवर उभे असलेले कोणीही त्यांना दिसले नाही.

पेठेने हे समजून घेतले. नियम क्रमांक चौदाप्रमाणे हातात स्वतःचा पेटता दिवा असेल, तर सावलीतले सोंगही दिसते. त्यामुळे मंगळवारपासून लोक भर उन्हात पेटते कंदील घेऊन रांगेत उभे राहू लागले. रांगेत सरासरी दीड तास जाई. तेवढ्या वेळात एक कंदील किती रॉकेल पितो हे मी प्रयोगशाळेतल्या नळीने मोजले. मिळणाऱ्या रॉकेलच्या ते शेकडा दोन भरले. एवढे प्रमाण कोणालाही जाचक वाटले नाही. पुरवठा निरीक्षक येऊन गेले, त्यांनी शेऱ्यात "रांग शिस्तीत. प्रकाशयोजना समाधानकारक" असे लिहिले.

अडचण फक्त तानाबाईंची झाली.

तानाबाई डबे करत. दवाखान्यातल्या तीन नर्सबाई आणि एक एस.टी. कंडक्टर अशी चार गिऱ्हाइके होती. घरात एक स्टोव्ह होता आणि त्यात रॉकेल नव्हते. त्या आठवड्यात शेजारणीच्या चुलीवर त्यांनी कसेबसे निभावले. पण शेजारीण एक तारखेला माहेरी चालली होती, आणि एक तारखेपासून डबा वेळेवर आला नाही तर आम्ही दुसरीकडे लावू, असे नर्सबाईंनी सांगून ठेवले होते. कार्डावरचे रॉकेल ३१ तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत उचलले नाही, तर ते बुडते. तानाबाईंकडे कंदील होता. तो पेटवायला रॉकेल नव्हते. रॉकेल दुकानात होते, आणि दुकानदाराला दिसायला कंदील पेटलेला लागत होता. (भौतिक जगात अशी बंद साखळी दुर्मीळ आहे. मी ती वहीत आकृती काढून ठेवली आहे.)

"गणपा, मी हितं हुबी हाय," पहिल्या दिवशी तानाबाई म्हणाल्या.

गणपतींनी त्यांच्या आरपार समोरच्या भिंतीकडे पाहिले. नियम अकराप्रमाणे सावलीतला आवाज ऐकू येतो, पण कोणाचा ते कळत नाही. त्यांनी आवाजाला आदराने उत्तर दिले.

"आवाज पोचला. पण नोंद आवाजाची हुत न्हाय, माणसाची हुती."

"मेल्या, तुझ्या बारशाला घुगऱ्या वाटल्यात मी! डोळं हायत का बटनं?"

"ज्यांचा कुणाचा आवाज असंल त्यांनी दिवा घिऊन यावं."

दुसऱ्या दिवशी तानाबाई मेणबत्ती घेऊन आल्या. मेणबत्ती हा दिवा होतो का, हा प्रश्न समितीकडे आला. इलाहीभाईंनी तज्ज्ञ म्हणून मत दिले, की स्टुडिओत मेणबत्ती सामानाच्या खात्यात येते, लाइटच्या खात्यात येत नाही. तिसऱ्या दिवशी तानाबाईंनी पलीकडच्या घरातल्या मीनाबाईंचा कंदील पेटलेला मागून आणला. गणपतींना कंदील ताबडतोब दिसला. कंदील मीनाबाईंचा असल्याने त्यांना मीनाबाई दिसल्या. मीनाबाईंच्या कार्डावरचे रॉकेल मंगळवारीच गेलेले होते. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा मागायला आल्याबद्दल गणपतींनी तानाबाईंना पाच मिनिटे बोल लावले. ते सगळे मीनाबाईंच्या नावाने होते.

"आणि तुमच्या शेजारच्या तानाबाई कुटं दिसंनात त्या?" त्यांनी शेवटी काळजीने विचारले. "त्यांचं कार्ड ऱ्हायलंय."

२६ तारखेच्या सभेत तानाबाईंनी ओट्यावर बसकण मारली आणि माडीकडे तोंड करून दाद मागितली. मी कागदोपत्री पाठिंबा दिला. पायरीवर सावली नाही, दुपारी तीन वाजता तिथे सूर्य सरळ पडतो, सबब छायापत्र क्रमांक तीन दुरुस्त करावे, असे निवेदन मी आकृतीसह खिडकीतून वर दिले.

वर ते हातोहात फिरले. मग अण्णासो खिडकीत आले.

"बाई, समजा ती सावली काढली. मग त्या सावलीत आजवर कोण कोण बसलं हुतं?"

मी यादी वाचली. सात हेर, दोन वैद्य आणि राजा.

"म्हंजे आमी धा जण दोन महिन्यांमागंच मेलो की!" अण्णासो म्हणाले. रविवारची दुपार काढायला त्यांच्यापाशी दुसरी जागा नव्हती, हे पेठेत सर्वांना ठाऊक होते. "आता दिवाळीपतोर आमी काय घरात भिताडं बघत बसायचं?"

"आणि मी काय गिऱ्हाइकास्नी डब्यातनं ऊन घालू व्हय?" तानाबाई खालून म्हणाल्या.

दोन्ही बाजूंचा सहानुभूतीने विचार करून सभेने मार्ग काढला. छायापत्र आणि पायरी यांत तफावत आहे, हे सभेने उघडपणे मान्य केले. तफावत दूर करायची, तर दोहोंपैकी जे बदलायला सोपे ते बदलावे. छायापत्र बदलल्यास दहा माणसे मरत होती. पायरीला चार बांबू आणि एक ताडपत्री पुरत होती.

सोमवारी सकाळी इलाहीभाईंच्या देखरेखीखाली रेशन दुकानापुढे गोल मांडव उभा राहिला. ताडपत्रीला कडेने काजळी लावण्यात आली, कारण मूळ सावलीची कड मऊ होती. दुपारी तीन वाजता मला बोलावून मोजमाप करण्यास सांगितले. मी मोजले. सावली छायापत्राशी बोटभरसुद्धा कमीजास्त नव्हती. "नकाशा व वस्तुस्थिती यांत आता फरक नाही," असा दाखला मी सही करून दिला. तो खरा होता. माझ्या सबंध कामात इतका अचूक निष्कर्ष मला दुसरा मिळालेला नाही.

मांडवाचे पेठेत स्वागत झाले. लोक म्हणाले, रांगेत पाय भाजायचे थांबले. गणपतींच्या मनावरचे ओझे उतरले. इतके दिवस त्यांना न पाहण्यासाठी प्रयत्न करावा लागत होता, आता पायरीवर सावली खरीच होती. चौघीजणींनी तानाबाईंना आवर्जून सांगितले, की आता तुम्हाला उभे राहायला किती बरे झाले. तानाबाई त्यांना जे म्हणाल्या ते मी वहीत लिहिलेले नाही.

शुक्रवारी, ३१ तारखेला, तानाबाई अडीचपासून पायरीवर होत्या. रांगेत मी त्यांच्या लगेच मागे होते. माझा कंदील घरूनच पेटवून आणलेला होता.

"तुमास्नी तरी दिसती न्हवं मी, बाई?" त्यांनी मागे वळून विचारले.

"दिसता."

"मग सांगा की त्या मुडद्याला!"

मी गणपतींना सांगितले, की तानाबाई माझ्यापुढे उभ्या आहेत. गणपतींनी त्यावर मनापासून विचार केला.

"तुमचा कंदील तुमास्नी दावतो, बाई. दुसऱ्याला न्हाय. तुमीच दाखला दिलाय न्हवं?"

"सरका की ओ फुडं!" मागून कोणीतरी ओरडले. "वात जळालीया आमची!"

मी पुढे सरकले. माझा डबा भरला. माझ्यामागच्यांचे डबे भरले. सहा वाजता गणपतींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि महिनाअखेरची नोंद केली: "न उचललेले कार्ड एक. कार्डधारक दिसले नाहीत." दुसऱ्या दिवसापासून तीन नर्सबाई आणि कंडक्टर यांचे डबे दुसरीकडून येऊ लागले. त्या रविवारी खेळ नेहमीप्रमाणे झाला, आणि कोणी मेले नाही.

आता कोणी म्हणेल, एवढे सगळे कशाला, आपल्या डब्यातले वाटीभर रॉकेल तानाबाईंच्या कंदिलात ओतायचे होते, म्हणजे त्याही दिसल्या असत्या. अगदी बरोबर आहे. यात कसलेच विज्ञान नाही. मी नंतर घरोघर जाऊन चौकशी केली, तेव्हा असे आढळले, की रांगेतल्या प्रत्येकाला हे सुचले होते. कधी सुचले, हेही मी विचारून घेतले. उत्तरांत फरक पडला नाही: घरी पोचून कंदील विझवल्यावर.

तुम्हालाही ते सुचलेच असेल. फळ्या लागल्याचे मी वर एका वाक्यात सांगितले आहे. तुम्हाला सुचले ते त्या वाक्याच्या आधी की नंतर, एवढे मोजून पाहावे.