नदाफ मास्तरांचा लाल ठिपका

शेजारच्या खोलीतले नदाफ मास्तर न विचारता माझ्या भांड्यांना रंग लावतात. कढईच्या कानाला लाल ठिपका, चहाच्या पातेल्याला बाहेरून लाल ठिपका. भांडं तापलं की ठिपका काळपट होतो, निवलं की पुन्हा लाल. कंपनीत मोटार तापली का ते बघायला हा रंग लावतात म्हणे. मास्तरांचा तिथला कुणी दोस्त उरलेला डबा आणून देतो. त्या दोस्तालाही एकदा गाठायचं आहे मला.

मास्तर काळेवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेत स्टोव्ह नाही, म्हणून एकदा त्यांनी अख्खा वर्ग माझ्या स्वयंपाकघरात आणला. मी भिंतीला चिकटून उभी. मास्तर ओरडत होते, "हात नको, डोळा लावा." ठिपका काळा झाला, पोरांनी टाळ्या पिटल्या, माझी आमटी करपली.

मी राखेने ठिपके घासून काढले. दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा हजर.

"वहिनी, प्रयोग पुसायचा नसतो."

"पोटात गेला म्हणजे?"

"विषारी आहे. म्हणून तर बाहेरून लावलाय."

हेही सोसलं असतं. पण त्यांच्या बायकोच्या, हमीदाभाभीच्या, बोटांची जाणीव आजारपणात गेली आहे. एकदा तिने उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उचललं आणि माझ्याशी बोलत उभी राहिली. कातडीचा वास मला आला, तिला काहीच नाही. मग मास्तरांनी तिच्या भांड्यांना ठिपके लावले आणि गेले शाळेत. ती बघायची विसरली, परवा पुन्हा भाजली.

माझं डोकं फिरलं. रंग फासला की झालं? स्वतः स्टोव्हपाशी बसायला काय होतं या माणसाला? मी कधी कुणाशी भांडत नाही. रविवारी वाक्य घोकत घोकत त्यांच्या दारात गेले.

दोघं स्टोव्हपाशी बसली होती. स्टोव्ह नुकताच विझवलेला. भाभी पातेल्याकडे टक लावून बघत होती.

"ठिपका काय म्हणतो?" मास्तरांनी विचारलं.

"काळा म्हणतो."

"मग?"

"मग मास्तर उपाशी."

मास्तर हसले. तिचा पट्टी नसलेला हात त्यांच्या हातात होता. एकेक बोट ते हलकेच चोळत होते. मी आले हे दोघांनाही कळलं नाही.

"झाला लाल," म्हणत भाभी पातेलं उचलायला निघाली. हात येईना, तेव्हा तिने खाली पाहिलं.

"कधीपासून धरलाय?" तिने विचारलं.