सौ. मडिवाळप्पा

घरभरणीची पाकिटं हातानं लिहायची नाहीत, असं मी ठरवलं तेव्हाच कुणीतरी मला अडवायला हवं होतं. (अडवणारं माणूस घरात एकच, आणि तिचं ऐकायची मला सवय नाही. नव्हती, असं म्हणू.)

साल १९८९. हुमनाबादला बिस्किटांच्या कारखान्यात मी हेडक्लार्क. हैदराबादेत आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आल्यापासून कंप्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. त्या खोलीत मॅनेजरसुद्धा चप्पल काढून यायचे, गाभाऱ्यात यावं तसे.

बारा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढून आम्ही घर बांधलं होतं. बायकोची, पार्वतम्माची, एकच अट.

"पाकिटावर बायांची नावं पाहिजेत. नुसतं सहकुटुंब लिवलं तर बाया कामून येतील?"

शहाण्णव कामगारांच्या बायकांची नावं आणायची कुठून? पण ती कंप्युटरात होतीच! पी. एफ.च्या वारसांची यादी. वरच्या ओळीत कामगार, खालच्या ओळीत बायको. खालची ओळ उचलायची, वरच्या ओळीच्या शेवटी नेऊन ठेवायची, पुढं 'श्री', मध्ये 'आणि सौ.' घालायचं. तेही मी नाही करायचं. मॅक्रो करणार.

"मॅक्रो कोन? नवा मानूस ठेवलाव काय?"

"तसंच समज. कुठली बटणं दाबायची ते त्याला एकदा दाखवलं, की शंभरदा तेच करतो."

"बराय की. तुम्हाला शंभरदा दाखवून एकदा जमत न्हाई."

मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी मॅक्रोला शिकवलं, पहिली दहा नावं तपासली. झकास! मग बटण दाबत राहिलो आणि चहा पीत राहिलो. लेबलं छापली, मोजली. बरोबर शहाण्णव. आमच्या कंप्युटरला तेव्हा इंग्रजीच येत होतं आणि पार्वतम्माला मराठी आणि कानडी, म्हणून तपासायला दुसरं कुणी नव्हतं. लेबलं चिकटवून पाकिटं मी गेटवर मडिवाळप्पा जमादाराकडे वाटायला दिली.

अर्ध्या तासात गेटवरून बोलावणं आलं. तिथं अख्खी शिफ्ट उभी, आणि मधोमध मडिवाळप्पा. मिशा अशा, की ट्रकवालेसुद्धा त्यांना बघून हॉर्न वाजवायचं थांबवत. त्यानं एक पाकीट माझ्या नाकासमोर धरलं.

"वाचा, साहेब."

मी वाचलं. "श्री निंगप्पा आणि सौ. मडिवाळप्पा."

"सौ. कोन?"

मी यादी आठवली. यादीत अकरावा निंगप्पा. बिनलग्नाचा! त्याच्या नावाखाली वारसाची ओळच नव्हती. मॅक्रोनं पुढची जी ओळ दिसली ती उचलून त्याला बायको करून दिली, आणि तिथून सगळी यादी एकेक ओळ सरकली. बायका झाल्या श्री आणि पुरुष झाले सौ.

"बाकीची पाकिटं कुठायत, अण्णा?"

"वाटली की. मोठ्यानं वाचून वाटली. मी एकट्यानंच कामून सोसावं?"

भट्टीवरचा मुकादम काशप्पा पुढं आला. "माझ्या पाकिटावर काय लिवलंय ठावं हाय का? श्री लक्ष्मम्मा आणि सौ. काशप्पा. लक्ष्मम्मा ह्या मडिवाळप्पाची बायको!"

"चूक मशीनची आहे, काशप्पा."

"मग मशीनच जेवायला बोलवा. भट्टीवरचं एक मानूस यायचं न्हाई."

घरी जाऊन सांगावंच लागलं. पार्वतम्मानं सगळं ऐकून घेतलं. बारा वर्षं वाट बघितलेलं घर, आणि जेवायला कुणी येणार नाही. ती रडेल असं वाटलं. तिनं कुंकवाचा करंडा काढला.

"चला."

"कुठं?"

"शहाण्णव घरी."

दोन दिवस ती पुढं, मी मागं. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं बायांना कुंकू लावायचं आणि मी पुरुषांची माफी मागायची. बाया मात्र खूश. लक्ष्मम्मानं तर ते पाकीट काशप्पाकडून मागून आणून देवाजवळ ठेवलं होतं. "मी श्री झाले, सरकारी कागदासारखं छापून!" मडिवाळप्पा आतून ओरडला, "चहा ठिवलाय, घिऊन जावा." चहा तोच करत होता.

घरभरणीला सगळे आले. भट्टीवरचेसुद्धा. बाया जाजमावर पुढं बसल्या, पुरुष मागं उभे. पूजेला आलेले स्वामी नवे होते, कलबुर्गीकडचे. त्यांनी विभूतीचं ताट हातात घेऊन विचारलं, "घराचे यजमान कोण?"

मी गळ्यातलं उपरणं सारखं करून पुढं झालो. तेवढ्यात शंभरेक हात पार्वतम्माकडं वळले.

"मग हे कोण?" स्वामींनी माझ्याकडं बोट दाखवलं.

पार्वतम्मानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे व्हय? हे पाकिटं वाटायला आल्ते, स्वामी. बसू द्या तिकडं, पंगत उठल्यावर जेवतील."