सगुणाबाईंनीं मोठें चाक लाविलें ती हकीकत

श्री. उभे राहतां तोल दे, तोल जातां हात दे, ऐसी विनंती मूळपुरुष हैबतबावा यांचे चरणीं करोन लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, ज्येष्ठ मास. राज्याचें नांव काय, हें कोणी पुसों नये. पुसणाऱ्यानें आधीं आपलें नांव गांव सांगावें, मग आम्ही विचार करूं. तर ते राज्यांत सारे लोक चाकांवर चालत. बुटाचे तळव्यास चौकट, चौकटींत एकामागें एक चार चाकें, ऐसे चाकजोडे, ज्यांस हल्लींचे लोक स्केट म्हणतात, ते घालोन लहानथोर हिंडत, आणि जिन्याचे लोखंडी कठड्यावर उडी टाकोन, चौकटीचे मधले खाचेवर, म्हणजे मधल्या दोन चाकांमधील मोकळे जागेवर, घसरत खालीं येणें, यास मर्दुमकी म्हणत. हैबतबावांचे मूळ जोडे देवघरांत मखमलीवर ठेविलेले असत आणि त्यांची चाकें छपन्न मिलिमीटर, म्हणोन राज्यांत जें चाक ओतावें तें छपन्नाचेंच, ऐसा शिरस्ता पडला. ओतण्याचें काम तिमाजीपंत चाकनवीस यांचे घराण्यांत वंशपरंपरेनें होतें, आणि पंतांचा साचा मूळ चाकावरोनच घेतलेला, केसाचा फरक म्हणोन नाहीं. आमचे लोक उभे राहिले म्हणजे त्यांचे गुडघे एकमेकांस किंचित लागत, आणि तेंही मोठे कुळाचें लक्षण मानीत. सोयरीक जुळवितांना आधीं गुडघे पाहात, मग पत्रिका.

वैशाख वद्य पंचमीस किल्ल्यापुढें परीक्षा होत असे. दीडशें पावलें दगडी फरसबंदीवरोन दौड घ्यावी, मग खंदक उडोन जावा, आणि पलीकडे पाय टेकतां टेकतां लांब कठड्यावर चढोन तीस पायऱ्या घसरत खालीं यावें. जो उतरला तो कठडेस्वार. त्यास राज्यांतील कोणताही जिना मोकळा. आयुष्यांत संधी तीन. तिसरे खेपेस जो पडला त्यानें जोडे देवघराचे खुंटीस टांगावे आणि जन्मभर पायीं चालावें, ऐसी रीत. दहांत एखादा पार होई, तो एकतर अंगानें हलका किंवा दैवानें मोठा. बाकीचे खंदकांतील शेवाळांत, बदकांचे शेजारीं.

सगुणाबाई वाघचौरे या दोन खेपा बदकांचे शेजारीं जाऊन आल्या होत्या. वय सत्तावीस, अंगानें थोराड, धाडस फार. यंदा तिसरी संधी, आणि ही गेली म्हणजे जोडे खुंटीस, ही गोष्ट बाईंचे जिवास लागली होती, कारण बाईंस पायीं चालतां येत असे परंतु चालण्यांत जीव रमत नसे. मग बाईंनीं चैत्र पाडव्यापासोन फरसबंदीवर रोज दौड घ्यावी आणि काय चुकतें तें पाहावें, ऐसें चालविलें, आणि ध्यानीं आलें तें ऐसें कीं, फरशीचे दगडांतील फटींत लहान चाक दर पावलास अडखळतें, दर अडखळीस थोडा वेग जातो, आणि खंदकाशीं पोहोंचावें तों दौडीचें नुसतें नांव उरतें. मग बाईंनीं भर सदरेंत उभें राहोन अर्ज केला कीं, "मला मोठें चाक पाहिजे."

सदरेंत जणूं मांजर शिरलें. कोणी शिव शिव म्हणाले, कोणी कानांवर हात ठेविले, आणि देवघराचे पुजारी सुभानजी वाघचौरे, बाईंचे सख्खे चुलते, ते तर उठोन उभेच राहिले. सुभानजी हे तरुणपणीं तिसरे खेपेस पडले, त्यास सव्वीस वर्षें जाहलीं. जोडे टांगिले आणि त्याच देवघराची पूजा पत्करिली. बोलणें तिखट, मन लोण्याचें, परंतु लोणी कोणास दिसों देत नसत. म्हणाले, "सगुणे, नाचतां येईना अंगण वांकडें! बावा याच चाकांवर सात खंदक उडाले. चाकांत खोट नसते, स्वारांत असते. माझ्यांत होती, मी मुकाट्यानें टांगिले. तुला काय शिंगें फुटलीं आहेत?" बाई म्हणाल्या, "शिंगें नाहींत काका, पण पाय फटींत अडकतो हो." सुभानजी म्हणाले, "मग पाय उचल!" आणि सदर बरखास्त जाहली.

परंतु बाई ऐकणाऱ्या नव्हेत. तडक तिमाजीपंतांचे कारखान्यांत गेल्या आणि म्हणाल्या, "पंत, बहात्तराचीं आठ चाकें ओता." पंत घाबरे जाहले. "अहो बाई, साच्याबाहेर ओतलें तर आमचे वाडवडील स्वर्गांतून खालीं येतील!" बाई म्हणाल्या, "येऊं द्या, त्यांनाही विचारूं." खरें सांगावें तर जन्मभर एकच माप ओतोन त्यांचाही जीव विटला होता, म्हणोन दार लावोन त्यांनीं चाकें ओतलीं. मग दोन प्रहरीं, गांव जेवोन लवंडला ते समयीं, बाई घरामागील गल्लींत गेल्या, मोठीं चाकें लाविलीं आणि दौड घेतली. काय वर्णावें! फट आली कधीं गेली कधीं कळेना, वारा कानांत शिरला, बाई मोठ्यानें हंसल्या आणि त्याच भरांत शेजारील जिन्याचे कठड्यावर उडी टाकिली. येथें घात जाहला. चाकें मोठीं, चारही मोठीं, तेणेंकरोन मधली खाच बुजोन गेली होती. घसरावयास जागाच नाहीं. चाकानें कठडा धरिला तो सोडीना, बाई मात्र पुढें निघाल्या, आणि शेजारीण बयोबाईंनीं वाळत घातलेल्या तीन शेर उडदाचे पापडांवर साष्टांग उतरल्या.

बयोबाईंनीं आरडाओरडा केला तो किल्ल्यावर ऐकों गेला. पापडांचा तो चुरा आम्हींही चाखिला, हिंग किंचित जास्त होता. मग बाईंस, पंतांस, आठ चाकांस आणि पुराव्यादाखल उरलेल्या पापडांस श्रीमंत बाईसाहेब महाराजांचे हुजुरांत नेलें. बाईसाहेब धोरणी, रागावल्या नाहींत, हंसल्याही नाहींत. म्हणाल्या, "मूळ चाक आणा. शेजारीं ठेवोन पाहूं, भेद किती तो." सुभानजींनीं नाखुषीनें मखमलीसुद्धां जोडे आणिले, एक चाक काढिलें आणि चौरंगावर उभें केलें. चाक उभें राहीना. पुन्हां केलें, पुन्हां डावीकडे लवंडलें.

सगुणाबाई खालीं बसल्या, डोळा चौरंगाचे पातळीस लाविला आणि फार वेळ पाहात राहिल्या. मग पुसिलें, "पंत, तुम्ही ओततां त्या चाकाची एक बाजू उतरती कां?" पंत अभिमानानें म्हणाले, "मुळांत तैशीच आहे! आमचे पणज्यानें तो उतार साधावयास दोन वर्षें घालविलीं." बाईंनीं आपले थैलींतून एक चाक काढिलें, तें पंतांनींच मागील दिवाळींत दिलेलें, आणि मूळ चाकाशेजारीं ठेविलें. उतार त्याच बाजूस, फक्त अधिक. मग म्हणाल्या, "हें मीं सहा महिने वापरिलें. चालतां चालतां आंतली बाजू आधीं झिजते, सर्वांचीच झिजते. सरकार, बावांचें चाक छपन्नाचें नव्हतें. झिजोन छपन्नाचें जाहलें. सात खंदक जेव्हां उडाले तेव्हां तें मोठेंच होतें. आम्ही बावांचें चाक ओतीत नाहीं, बावांची झीज ओततों."

पंतांनीं बावांचे चौकटींत बोट घालोन पाहिलें, तों चाकावर चांगली बोटभर जागा मोकळी, मोठें चाक सुखानें बसावें एवढी. पंत मटकन खालीं बसले आणि म्हणाले, "चार पिढ्या आम्ही नवें चाक जुनें करोन विकीत होतों कीं हो!" मग एक हंसला, मग दुसरा, आणि मग बयोबाईसुद्धां पापड विसरोन हंसल्या, आणि सारे आपआपले गुडघे पाहूं लागले. एकटे सुभानजी हंसले नाहींत. चाक उचलोन मखमलींत गुंडाळिलें आणि कोणाकडे न पाहतां निघोन गेले. बाईंचे तोंडावरील हंसूं तेथेंच मावळलें.

आतां आमचे लोकांची तऱ्हा पाहा. काल छपन्नावर एक चढला तर पाप, आज कळलें तर म्हणों लागले, बहात्तर कशास, ऐशींचीं लावा, शंभराचीं लावा, बैलगाडीचीं लावा! सगुणाबाई म्हणाल्या, "अति तेथें माती. आणि माती नव्हे तर पापड. मोठें चाक खंदक ओलांडील, कठडा मात्र ओलांडों देणार नाहीं." मग बाई आणि पंत कारखान्यांत आठ दिवस बसले, सत्तर करोन पाहिलें, अडुसष्ट करोन पाहिलें, आणि शेवटीं ठरलें तें ऐसें: पुढें आणि मागें चाक पासष्टाचें, सरळ, दोन्ही बाजू सारख्या, मध्यें मात्र जुनीं झिजकीं दोन, कारण तीं भुईस टेकत नाहींत, फटींत अडत नाहींत, आणि खाच मोकळी राखितात. वृद्ध मंडळींनीं याचा अर्थ ऐसा घेतला कीं बाईंनीं परंपरेचा मान राखिला. बाईंनीं त्यांस तैसें समजों दिलें. बाईसाहेबांनीं हुकूम दिला, "चाक मान्य. परंतु संधी तिसरी ती तिसरीच. पडलीस तर टांगावे लागतील."

वैशाख वद्य पंचमी उजाडली. तटावर माणूस मावेना. रीतीप्रमाणें पुजाऱ्यानें स्वारास कुंकूं लावावें, म्हणोन सुभानजी पुढें आले, आणि आठ दिवसांत प्रथम पुतणीशीं बोलले. म्हणाले, "सगुणे, तूं पार गेलीस तर सव्वीस वर्षें मी उगाच स्वतःस नालायक म्हणत आलों, ऐसें ठरेल. न गेलीस तर तुझे जोडे मलाच खुंटीस टांगावे लागतील. यांतलें देवापाशीं मागूं तरी काय?" बाईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "काका, मी पडूं नये एवढेंच मागा. बाकीचें आपण दोघे घरीं जाऊन रडूं." सुभानजींनीं नाक पुसलें आणि म्हणाले, "जा. आणि गुडघा वांकव, ताठ राहिलीस तर कानाखालीं देईन."

मग बाई निघाल्या. फरसबंदीवर दरसाल खडखड ऐकों येई, यंदा नुसती घरघर. फटी खालून निघोन गेल्या आणि वेग उतरावयाचे ऐवजीं चढत गेला. खंदकाचे कांठीं बाईंनीं गुडघे वांकविले आणि उडाल्या, आणि बदकांनीं माना वर करोन पाहिलें, आणि बाई पलीकडे हातभर जास्तच गेल्या, जास्त म्हणजे नको इतक्या. कठडा जवळ आला तो तिरका. चौकट बसली, परंतु अकरावे पायरीस पुढलें मोठें चाक लोखंडास लागलें, कर्र आवाज जाहला आणि बाई पुढें झोंकांडल्या. तटावरोन एकच "आई गं!" निघालें. बाईंनीं टांच दाबिली, पुढलें चाक केसभर उचलिलें, दोन्ही हात पसरिले आणि तैशाच, श्वास रोंखोन, उरलेल्या एकोणीस पायऱ्या घसरत खालीं आल्या आणि उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या! नगारे वाजले, बयोबाईंनीं पापड उधळिले, आणि पंत रडों लागले, ते कोणासही आवरेनात.

मग बाईसाहेब उठल्या आणि म्हणाल्या, "चाक झिजकें होतें, तर आजवरची परीक्षा माणसाची जाहलीच नाहीं, चाकाची जाहली. देवघराचे खुंटीवरील सारे जोडे उतरवा आणि ज्याचे त्यास द्या." एकसष्ट जोड निघाले, त्यांत एक आमचाही होता, तें असो. लोक धांवले, धूळ झाडूं लागले, पंत नवीं चाकें लावूं लागले. सुभानजींचे जोड सगुणाबाईंनीं आपले हातें उतरविले, चाकें लाविलीं, आणि काकांस पायरीवर बसवोन नाड्या बांधिल्या. सुभानजी अठ्ठावन्न वर्षांचे, म्हणों लागले, "अगे, लोक हंसतील." बाई म्हणाल्या, "हंसूं द्या. उठा." सुभानजी उठले. चौकांत एक पाऊल गेले, चार गेले, दहा गेले, वाऱ्यानें उपरणें उडालें, चेहऱ्यावर सव्वीस वर्षें मागचा माणूस दिसों लागला, आणि तितक्यांत पाय सुटोन सपशेल पाठीवर आदळले.

कोणी पुढें होईना. सुभानजी आभाळाकडे पाहात पडले होते. मग पडल्या पडल्याच पुसिलें, "पंत, चाक सरळ आहे ना?"

पंत चाचरत म्हणाले, "अगदीं सरळ, सुभानजी. नवें कोरें."

"खाच मोकळी?"

"मोकळी."

सुभानजी उठोन बसले आणि हंसों लागले, इतके कीं डोळ्यांतून पाणी आलें. म्हणाले, "म्हणजे हें पडणें माझें स्वतःचें! सगुणे, हात दे. पुन्हां जातों."

येणेंप्रमाणें त्या दिवशीं सुभानजी एकंदर अकरा वेळां पडले, बारावे वेळीं चौक पार केला, आणि सगुणाबाई कठडेस्वार जाहल्या. चुकलें माकलें असेल तें वाचणारानें सांभाळोन घ्यावें. आमची पोटरी दुखते आहे, म्हणोन लिहिणें येथें थांबविलें.