टॉवेलाखालचा भाव

अजिनाथला गाडी धुता येत होती. भाव सांगता येत नव्हता.

गिऱ्हाइकानं "किती झाले?" असं विचारलं की तो आधी गाडीकडं बघायचा, मग आभाळाकडं, आणि शेवटी स्वतःच्या चपलांकडं बघत म्हणायचा, "द्या की तुमच्या मनानं." सोलापूरकराचं मन मोठं असतं, यात वाद नाही. पण ते पंगतीत वाढताना मोठं होतं. पाकीट उघडताना मूळ आकाराला येतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडून त्यानं जुना टेम्पो घेतला होता. त्यावर पाण्याची टाकी, पंप, जनरेटर आणि व्हॅक्यूम क्लीनर चढवून मागं रंगवून घेतलं होतं : 'अजिनाथ कार डिटेलिंग. आम्ही तुमच्या दारात.' ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं गाड्या धुण्याचा धंदा काढणं हे धाडस की वेडेपणा, याचा निकाल लागायचा होता. निकालाची तारीख मात्र त्याच्या बायकोनं, सुकन्यानं, लावून टाकली होती.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "तोवर भाव बसला तर बसला. नाहीतर टेम्पो विकायचा आणि परत कारखान्यात. जागा ठेवलीय त्यांनी तुमची, मी विचारून आलेय."

सुकन्या बी.कॉम. होती. तिनं पाणी, डिझेल, शॅम्पू असा सगळा खर्च मांडून निष्कर्ष काढला होता, की गाडीमागं तीनशेच्या खाली उतरलं तर आपण लोकांच्या गाड्या पदरमोड करून धुतोय. मग तिनं दरपत्रक छापून आणलं. आतून-बाहेरून संपूर्ण सफाई, पाचशे रुपये. खाली ठळक अक्षरांत : 'भाव एकच.'

ते घेऊन अजिनाथ जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत शिरला. फाटकातच चनमल्लप्पा भेटले. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्या सोसायटीचे अप्पा होते. त्यांनी चष्मा लावून दरपत्रक पंचांग बघावं तसं बघितलं.

"पाचशे? यप्पा! आंघोळ घालणार का अभिषेक?"

"आतनं-बाहेरनं सगळं हाय की, अप्पा."

"आतनं कोण बघतंय बे? ते काढ. टप काढ, टपावर चढून कोण बघलालंय? आणि ही डावी बाजू भिंतीला लागून असती. पाव्हण्याला दिसती ती उजवी. उजव्या बाजूचे किती, ते बोल."

अजिनाथनं आभाळाकडं बघितलं आणि सौदा दोनशेवर मिटला. मग वरच्या मजल्यावरच्या शिवलीला मॅडम खाली आल्या. मॅडम कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी वजाबाकीपासूनच सुरुवात केली.

"अप्पांना दोनशे, मग मला पाचशे का? शिवाय पाणी तुझं असलं तरी सांडतंय माझ्या दारात. म्हणजे चिखल माझा. चिखलाचे वजा कर."

चिखलाचे वजा झाले. मॅडमचा आकडा ऐकून त्यांच्या खालच्या मजल्यानं आणखी वजा केले. संध्याकाळपर्यंत 'भाव एकच' या वचनाला इतकी पिल्लं झाली होती, की त्यातलं कुठलंच सुकन्याच्या तीनशेपर्यंत पोचत नव्हतं.

हा सगळा प्रकार टेम्पोत बसून अजिनाथचे वडील बिरुदेव ऐकत होते. सांगोल्याकडं त्यांची मेंढरं होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलाकडं आले होते, आणि डोळ्यांवर हिरवा चष्मा असल्यामुळं बघण्यापेक्षा ऐकण्यावरच त्यांचा भर होता.

"आरं, भाव असा चव्हाट्यावर वरडत्यात व्हय? तोंडानं सांगिटला की त्यो गावाचा झाला. मेंढरू इकताना मी कदी तोंड उगाडलंय का?"

"आबा, ही मेंढरं न्हाईत. गाड्या हाईत."

"दोनीबी धुऊनच चारचौघांत न्यावी लागत्यात. तो टॉवेल दे हिकडं."

पुढच्या रविवारी अप्पांकडं मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पाहुणे कुठल्या बाजूनं येतील याचा नेम नसल्यामुळं या खेपेला गाडी सगळीकडून धुणं भाग होतं. अप्पांनी हाक मारली. टेम्पोतून बिरुदेव उतरले, त्यांनी अप्पांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वरून कोरा टॉवेल टाकला.

जनावरांच्या बाजारात हे नेहमीचं आहे. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात घालतात, बोटं दाबून सौदा करतात, आणि भोवती अख्खा बाजार उभा असला तरी भाव त्या दोघांतच राहतो. अप्पांनी आयुष्यभर कर्जाची प्रकरणं तपासली होती, पण त्यांचा हात असा कुणी धरला नव्हता.

"एक बोट म्हंजी शंभर," बिरुदेव कानात म्हणाले आणि त्यांनी दाबलं. अप्पांच्या भुवया वर गेल्या. टॉवेल हलला. अप्पांनी डोळे मिटून घेतले. टॉवेल पुन्हा हलला, आणि अप्पांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं काहीतरी उमटलं.

"कुनाला सांगू नगा, अप्पा," बिरुदेव म्हणाले.

बाकीचं अप्पांनी स्वतःच समजून घेतलं.

मॅडम गॅलरीतून बघत होत्याच. "किती दिले हो, अप्पा?"

मंडईतून आणलेल्या गवारीचा भावसुद्धा जिन्यात थांबून सांगणारे अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले, "टॉवेलातलं हाय ते, मॅडम. सांगत नसतात."

मॅडमची गाडी आदल्याच दिवशी धुतली होती. तरी हातातला चहा तसाच ठेवून त्या खाली आल्या आणि त्यांनी टॉवेलाखाली हात घातला. वर गेल्या त्या ओठ घट्ट मिटून, गालातल्या गालात हसत. नवऱ्यानं आकडा विचारला तर म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय?"

मग सोसायटीला खाज सुटली. अप्पांना किती पडले हे कळावं म्हणून लोक गाड्या धुऊन घेऊ लागले. त्यांना स्वतःचा आकडा कळायचा, अप्पांचा नाही, आणि स्वतःचा कळला की सांगवत नसे. गॅलऱ्यांतून निरीक्षणं चालली.

"टॉवेल दोनदा हलला. म्हणजे दोनशे."

"छे हो. ते हलणं हिशेबात धरू नका. अप्पांना मुळातच कंप आहे."

एकानं तर नवीकोरी गाडी शोरूममधून थेट टेम्पोसमोर आणून लावली. अजिनाथ पूर्वीसारखाच निमूट धूत होता. गाद्यांखालून कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणी ओढून काढत होता, आणि विशेष म्हणजे त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

रोख रक्कम बिरुदेवांच्या बंडीत जाई आणि संध्याकाळी सुकन्याच्या हातात पडे. "कुणी किती दिले, मामा?" ती सासऱ्यांना विचारी. "टॉवेलातलं टॉवेलात," ते सांगत. सुकन्यानं मग एकूण रकमेला गाड्यांनी भागलं. गाडीमागं सरासरी रोज साडेतीनशेच येई. तिनं शास्त्रशुद्ध अनुमान काढलं, की कुणीतरी पाचशे देत असणार आणि कुणीतरी दोनशे. आणि दोनशेवाला अप्पाच असणार, याबद्दल तिची खात्री होती.

शेवटी सोसायटीचे चेअरमन अभिमन्यूराव मध्ये पडले. ते करसल्लागार होते. लपवलेला आकडा त्यांना एक तर आपल्या हातून लपवलेला चाले, नाहीतर मुळीच चालत नसे. त्यांनी सभा बोलावली.

"एकाच कामाचे वेगवेगळे भाव, हे काय चाललंय? पारदर्शकता पाहिजे. प्रत्येकानं आपापला आकडा सांगावा. अप्पा, तुमच्यापासून."

सगळे पंख्याकडं बघू लागले. आपल्यालाच सगळ्यांत स्वस्त पडलंय आणि तोंड उघडलं तर इतर लोक ते महाग करून ठेवतील, ही प्रत्येकाच्या मनातली भीती एकसारखी होती.

"चेअरमनसाहेब," अप्पा गंभीरपणे म्हणाले, "तुमी आधी एकदा धुऊन घ्या की. मग बोलू."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

रविवारी चेअरमनची गाडी धुतली गेली. एकही गॅलरी रिकामी नव्हती. टॉवेल पडला, हलला, थांबला. अभिमन्यूराव कळवळले, मग कोर्टात निकाल बाजूनं लागावा तसे ताठ झाले. टॉवेलातून हात काढून म्हणाले, "माझ्याकडं रोखीचा व्यवहार नाही. ऑनलाइन घ्या. मला नोंद लागते."

"हाय की, साहेब!" अजिनाथ उत्साहानं म्हणाला. त्याच सकाळी सुकन्यानं पैसे आले की बोलून सांगणारा डबा आणून टेम्पोच्या कपाळावर बसवला होता, आणि पंपाच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. हे बिरुदेवांना कुणी सांगितलं नव्हतं. चेअरमननी मोबाइल समोर धरला.

"तीनशे पन्नास रुपये प्राप्त झाले!" डबा गरजला. समोरच्या इमारतीवर आपटून आकडा परत आला आणि ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांनाही कळला.

अप्पांचा चेहरा उतरला. मॅडमचा उतरला. एकेका गॅलरीतला एकेक चेहरा उतरत गेला, आणि मग हळूहळू गॅलऱ्या रिकाम्या झाल्या.

टेम्पोच्या आडोशाला सुकन्यानं सासऱ्यांना गाठलं. तिच्या सरासरीला आता कुठं अर्थ आला होता.

"मामा! सगळ्यांना एकच?"

"मग? एकाच कळपातली हाईत की." बिरुदेव टॉवेलाची घडी घालत होते. "पाची बोटं दाबायची. मानूस कळवळला की एक सोडायचं. लईच कळवळला की आनी अर्दं. समदी सारकीच कळवळत्यात."

"आता संपलं पण सगळं. अख्ख्या सोसायटीनं ऐकलं." तिनं अजिनाथकडं बघितलं. "कारखान्यात फोन करू का?"

अजिनाथ चपलांकडं बघत राहिला. बिरुदेवांनी दुपारची सांगोल्याची एसटी धरली; डोळा बरा होता आणि मेंढरं वाट बघत होती. जाताना टॉवेल मुलाच्या खांद्यावर टाकला. भाव सोडूनही बऱ्याच गोष्टी ते तोंडानं सांगत नसत.

पुढच्या रविवारी अजिनाथ एकटाच सोसायटीत आला. टेम्पो विकायचाच असेल तर निदान एकदा तरी गिऱ्हाइकाला धड भाव सांगून मग विकावा, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. अप्पा फाटकातच उभे होते. अजिनाथनं आभाळाकडं बघितलं नाही, चपलांकडं बघितलं नाही. अप्पांच्या चष्म्यात बघून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "साडेतीनशे, अप्पा. समद्यांना सारखाच."

अप्पांनी घाईनं वर गॅलऱ्यांकडं बघितलं आणि त्याला बाजूला ओढलं.

"हळू बोल की बे! ते डबडं वरडलं ते चेअरमनसाठी, मला कळत नाही होय? ते जगाला सांगायचं. आतलं बोल. आपला किती?"

"अप्पा, तुमचाबी तेवढाच होता की."

"बरोबर, तू असंच म्हणणार. आबांनी पढवलंय तुला. चाळीस वर्षं बँकेत काढलीत मी. तोंडानं सांगितलेला भाव खरा असता तर बँक कवाच बुडाली असती." त्यांनी उजव्या हाताची बाही वर सारली. "टॉवेल कुठाय?"

त्यांच्यामागं शिवलीला मॅडम हातातलं घड्याळ काढून उभ्या होत्या. मॅडमच्या मागं, आपण सहज आलोय असं दाखवत, चेअरमन अभिमन्यूराव.

अजिनाथनं खांद्यावरचा टॉवेल अप्पांच्या हातावर टाकला आणि पाची बोटं दाबली.

अप्पा वेळेवर कळवळले.