बेलाच्या पिंपातला धूर

चातुर्मासात मी दोन नेम धरले होते. रोज महादेवाला आठ-नऊशे बेलाची पानं वाहून लाखोली पुरी करायची, आणि उद्यापनाची आरती संपेपर्यंत हातून मुंगीसुद्धा मारायची नाही. शेजारच्या माधवीताईंना मी सांगूनच ठेवलं होतं, "माझ्या नेमात खोट निघायची नाही हो."

वाहिलेली पानं तुंगार्लीच्या तळ्यात टाकायला मन होईना. चार महिने ती अंगणातल्या पिंपात भरून झाकण लावत गेले. उद्यापनाला चाफ्याच्या मुळाशी घालू म्हटलं.

त्या सकाळी यांनी झाकण काढलं आणि आतून काळा धूर निघाला. तो माझ्या नाकावर येऊन बसला, तेव्हा कळलं की धुराला पंख आहेत! तिळाच्या निम्म्यानं एकेक काळी माशी. हजारो. उन्हाच्या तिरिपेत वर चढत होत्या, खाली उतरत होत्या. कुजक्या पानांत देवानं एवढी सृष्टी मांडली, आणि मला पत्ताही नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

"नमस्कार कसला करतेस? फवारा आण," हे म्हणाले.

"अहो, आरती व्हायचीय अजून."

"तोवर प्रसाद खाऊन मोकळ्या होतील त्या."

तेवढ्यात माधवीताई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. खिडकीतून त्यांना आग दिसली होती. "धूर नाही, जीव आहेत," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येतो. मी पिंपाला पाठ लावून उभी राहिले. माश्या वाचल्या, बादली माझ्या रेशमी साडीवर रिकामी झाली.

आंदर मावळातून बेल आणून देणारे श्रीपतीभाऊ ओट्यावर बसून हसत होते. "वैनी, आमच्या उकिरड्यावर लय असत्यात ह्या. चावत न्हाईत. कुजल्यालं खात्यात आन् जात्यात. कशाला मारायच्या?"

मला कोण आनंद झाला! ओल्या साडीनिशी आरतीला उभी राहिले. माश्या निरांजनाभोवती फेर धरत होत्या, जणू त्यांचंही उद्यापन. माझा आवाज बारीक, म्हणून भक्तीची सगळी कसर मी टाळ्यांनी भरून काढते. त्या दिवशी तर तळहात लाल झाले.

आरती संपली. माधवीताईंनी तबक पुढं केलं. ज्योतीवर धरायला मी तळवे उघडले, तर लाल तळव्यांवर बारीक बारीक काळे ठिपके. दहा-बारा तरी असावेत.

"काय हो ते?" माधवीताईंनी वाकून विचारलं.

मी हळूच मुठी मिटल्या. पुढच्या वर्षी आरतीला मी फक्त घंटा वाजवणार आहे.